डोंबिवलीत भाड्याचे घर

माळव्यात किंवा ग्वाल्हेरकडे वाढलेली मराठी मुले नोकरीनिमित्त मुंबईस निघाली, की वडीलधाऱ्यांच्या तोंडी हटकून एक नाव येते : डोंबिवली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचे हे राहते गाव. २०१७ साली ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले. अशा गावी आपल्या लेकराला परके वाटणार नाही, असा विश्वास त्यामागे असतो. तो बव्हंशी खराही आहे. परंतु घर मिळण्यास तेवढा पुरत नाही.

डोंबिवली ठाणे जिल्ह्यात, मध्य रेल्वेवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटरवर आहे. इंदुराहून येणारी अवंतिका एक्सप्रेस पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला जाते. म्हणून दादरला मार्ग बदलावा लागतो. रुळांनी गावाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेस फडके रस्ता, गणेश मंदिर आणि गजबजलेला बाजार. पश्चिमेची वस्ती खाडीपर्यंत पसरलेली. स्थानकापासून पायी जाता येईल असे घर महाग पडते. दूर गेल्यास भाडे उतरते. पण रोजचा रिक्षाचा खर्च आणि रांगेतला वेळ पदरी येतो.

भाचीसाठी आम्ही तीन दिवस घरे पाहिली. एका मालकांनी विचारले, "मूळ गाव कोणते?" भाची म्हणाली, "इंदूर." "म्हणजे तुम्ही मराठी नव्हे?" ती शांतपणे उत्तरली, "काका, आमच्या घरी चार पिढ्या मराठीच बोलतात." ते खजील झाले खरे, तरी एकट्या मुलीला जागा देण्यास त्यांचे मन धजले नाही. दुसऱ्या इमारतीतील आजींनी मात्र गावही विचारले नाही, जातही नाही. "रात्री उशीर होणार असेल तर फोन करीत जा," एवढीच त्यांची अट. घर तेथेच ठरले.

एजंटाने अकरा महिन्यांचा करार साध्या मुद्रांकित कागदावर उरकू पाहिला, तेव्हा आम्ही थांबलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमान्वये असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो; नोंदणीची जबाबदारी मालकाची. अनामत रकमेचा आकडा आणि ती परत करण्याची मुदत करारात स्पष्ट लिहून घ्यावी. आजींनी खळखळ न करता नोंदणी करून दिली.

आणखी एक गोष्ट पालकांनी विसरू नये. पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. घर कारखान्यांपासून किती दूर आहे, हे स्वतः चालून पाहावे. इमारतीला पालिकेची परवानगी आहे काय, तेही विचारावे. त्यात संकोच कसला?

घर पाहण्यास शक्यतो पावसाळ्यात जावे. भिंतींची ओल आणि गल्लीत साचणारे पाणी तेव्हाच दिसते. आणि होकार देण्यापूर्वी एकदा सकाळी आठ वाजता फलाटावर उभे राहावे. आपल्या मुलीला रोज ज्या गर्दीतून जायचे आहे, ती डोळ्यांनी पाहिली म्हणजे स्थानकाजवळच्या घराचे जास्तीचे भाडे तितकेसे जड वाटत नाही.