पद्मिनीची वही

२०२२ सालच्या मे महिन्यात आमच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या नोंदणीची मुदत संपणार होती. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते आणि ती रस्त्यावर धावण्यास योग्य ठरली तरच नूतनीकरण होते. १९८७ साली घेतलेल्या आमच्या गाडीने अशी चार नूतनीकरणे पार केली होती. पाचव्या वेळी मात्र नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते आणि गाडी दोन वर्षे पडवीत उभी होती. करोनाच्या काळात ती एकदा थांबली, ती थांबलीच.

माझ्या मुलाने जेवणाच्या वेळी हिशेब मांडला. शुल्क, पर्यावरण कर, विमा, दुरुस्ती आणि दुसऱ्या बाजूला भंगाराची किंमत. हिशेबात चूक नव्हती. व्यापाऱ्याच्या घरात हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते आणि माझ्याजवळ ते नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा पान आटोपून उठताना एवढेच म्हणाले, "गाडी जायची तेव्हा जाईल. पण ब्रेक न लागणारी गाडी कुणाच्या हाती देऊ नये. भंगारवालाही ती चालवतच नेणार ना?"

म्हणून आधी ब्रेक, असे ठरले. पुढचे पुढे.

ही गाडी आमच्याकडे का आली, हे सांगायला हवे. १९८७ साली मारुती बाजारात येऊन तीन-चार वर्षे झाली होती आणि चाटी गल्लीतील आमच्या शेजारच्या दुकानदारांनी तिच्यासाठी नाव नोंदवले होते. अण्णांनी पद्मिनी घेतली. चादरींचे आणि टॉवेलांचे गठ्ठे मागच्या डिकीत नीट बसतात, हे त्यांचे सांगण्याचे कारण होते. न सांगितलेले कारण म्हणजे वालचंद हिराचंद. १८८२ साली सोलापुरात जैन कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. आपल्या गावच्या, आपल्या समाजाच्या माणसाने देशात मोटार बनवण्याचे स्वप्न पाहिले आणि आपण दुसरी घ्यायची, हे अण्णांना पटणे शक्य नव्हते. मला वाटते, त्यांच्या पिढीतील अनेकांच्या मनात हा अभिमान होता. फक्त तो डिकीच्या मापाने सांगितला जाई.

गाडीबरोबरच एक वही सुरू झाली. लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर 'श्री महावीराय नमः' आणि खाली गाडीचा क्रमांक. पेट्रोल किती लिटर, काट्यावर किलोमीटर किती, ऑइल केव्हा बदलले, कोणत्या चाकाचे टायर कोठून घेतले, सारे त्यात. गाडी मी अधिक चालवली असेन. वही मात्र अण्णांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. फेब्रुवारीतील एका सकाळी त्यांनी ती आपणहून माझ्यापुढे ठेवली. "व्हील सिलिंडर शेवटचे केव्हा बदलले ते बघ, मग सामान आण."

बॉनेट उघडले तर एअर फिल्टरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधलेले. सौभाग्यवतींनी लगेच कामाला मनाई केली. घरटे मोडायचे नाही, पिल्ले बाहेर पडू द्यायची. आम्ही तीन आठवडे थांबलो. इंजिनला हात लावता येत नव्हता, म्हणून चाके काढायला घेतली. थोडक्यात, माशीमुळे ब्रेक खरोखरच आधी झाले. संध्याकाळी दिव्याखाली काम करायचे नाही, हाही नियम आपोआप आला. दिव्यावर किडे जमतात आणि ते ग्रीसमध्ये चिकटतात. सूर्यास्ताच्या जेवणाआधी पाने-पक्कड पेटीत जात.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पायातील दाब ब्रेक ऑइलमधून नळ्यांनी चाकापर्यंत जातो, तेथे एका लहान सिलिंडरमधील दोन दट्ट्ये बाहेर सरकतात आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. या ऑइलचा एक दोष असा की ते हवेतील ओल शोषून घेते. गाडी चालती असेल आणि ऑइल वेळेवर बदलले जात असेल तर काही बिघडत नाही. दोन वर्षे उभी राहिली की ओल सिलिंडरच्या आत गंज धरते. आमच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे दट्ट्ये जागीच जाम झाले होते. अशा गाडीचा ब्रेक दाबला असता तर ती उजवीकडे झटका देऊन वळली असती. अण्णांच्या भंगारवाल्याची मला तेव्हा आठवण झाली.

ड्रममधील काळी भुकटी फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुफ्फुसांना घातक आहे. जुने ऑइल जमिनीवर ओतायचे नाही, डब्यात भरून गॅरेजला द्यायचे. मातीतील जिवांचा विचार आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही, तरी गॅरेजांच्या मागे काळी पडलेली जमीन पाहिली की वाटते, आपण तो घराच्या उंबऱ्यापर्यंतच करतो.

नव्या सिलिंडरांसाठी जुन्या नोंदी शोधताना मी वहीत मागे मागे गेलो आणि १९९८ सालापाशी थांबलो. आषाढापासून माघापर्यंत पेट्रोलची एकही नोंद नव्हती. वही अपुरी नव्हती. दर महिन्याची तारीख होती, पुढे काट्यावरचा तोच आकडा आणि त्यापुढे आडवी रेघ. आठ महिने, आठ रेघा.

ते वर्ष मला आठवत नाही असे नव्हे. त्या वर्षी मी परगावच्या एका पार्टीला, अण्णांनी नको म्हटले असतानाही, मोठा माल उधारीवर पाठवला होता. एकही धनादेश वटला नाही. सूतवाल्यांचे, रंगवाल्यांचे देणे आमच्या अंगावर आले. अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्याच सुमारास ते होटगी रस्त्यावरील घरापासून दुकानापर्यंत पायी जाऊ लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे त्यांनी घरात सांगितले. आम्ही सर्वांनी ते मानले. मी तर इतके मानले की पुढे कित्येक वर्षे पाहुण्यांना त्यांच्या चालण्याचे कौतुक सांगत असे.

नवे सिलिंडर, नवे लायनर बसवल्यावर नळ्यांतील हवा काढायची असते. त्याला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचा निपल सैल करून बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि तो आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. मुलगा दुकानात होता. अण्णा चालकाच्या जागी जाऊन बसले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी गाडी चालवणे सोडले, त्यानंतर प्रथमच.

मी चाकामागे आडवा होतो. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा मला विचारता आले. "अण्णा, अठ्ठ्याण्णव साली आठ महिने पेट्रोल नाही."

काही क्षण उत्तर आले नाही. मग आतून आवाज आला, "आधी निपल आवळ. मी पाय सोडला तर हवा आत जाईल."

त्या दिवशी आम्ही चारही चाके पुरी केली. विषय पुन्हा निघाला नाही.

बाकीचे काम माशीची पिल्ले उडाल्यावर झाले. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बदलले, कार्बोरेटर खोलून जेट साफ केले. पेट्रोलच्या रबरी नळ्या सर्व नव्या घातल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. (आपल्याच जिल्ह्याचा ऊस आपल्याच टाकीत, असे मुलगा म्हणाला.) दिव्यांची सुधारणा मला सर्वांत आवडली. जुन्या गाडीत दिव्याची सारी वीज स्टिअरिंगजवळच्या बटणातून जाते, वाटेत कमी होते आणि दिवे पिवळे पडतात. दोन रिले बसवून ती बॅटरीपासून थेट दिली की तोच बल्ब लख्ख पेटतो. सामान चारशे रुपयांच्या आत आले. ब्रेकचे काम मात्र मी स्वतःच्या भरवशावर सोडले नाही; आमचे जुने मिस्त्री येऊन चारही चाके तपासून गेले आणि मगच गाडी फाटकाबाहेर पडली. नूतनीकरण झाले. मुलाने स्वतः शुल्क भरले आणि त्याची पावती वहीत लावली.

चातुर्मासापूर्वी अण्णांना कुंथलगिरीला जायचे होते. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना घेतली, तेव्हा सतरा वर्षांचे अण्णा मालट्रकमधून दर्शनाला गेले होते. आम्ही पहाटे निघालो, बार्शीमार्गे. दर्शन झाले. डोंगरावर त्यांना धरून न्यावे लागले. उतरताना त्यांनी हात सोडवून घेतला.

परतताना बार्शीच्या अलीकडे इंजिन तापले, म्हणून एका चिंचेखाली गाडी उभी केली आणि बॉनेट उघडून बसलो. तेव्हा अण्णा आपणहून बोलले. "ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांची दुकाने वाटेवरच होती. त्यांच्या दारावरून मोटारीतून कसे जायचे?"

"मग विकली का नाही?"

"विकली असती तर बाजाराला कळले असते. सगळे एकदम मागायला आले असते. कुणालाच पुरे मिळाले नसते." थोडे थांबून ते म्हणाले, "उभी राहिली म्हणून सगळ्यांचे फिटले."

मला काही बोलायचे होते. ते चोवीस वर्षे उशिराचे होते आणि मोठ्याने उच्चारले की लहान झाले असते. मी रेडिएटरच्या झाकणावर ओले फडके टाकून ते हळूहळू सैल केले, पाणी घातले. अण्णा घड्याळ पाहत होते. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे होते.

पोहोचलो. त्या रात्री वहीत त्यांनीच नोंद केली. अक्षर आता थरथरते, आकडे मात्र ओळीत येतात. पेट्रोल, किलोमीटर आणि पुढे 'कुंथलगिरी, सहकुटुंब'. मागच्या उजव्या चाकाचा लायनर अजून किंचित घासतो, हे त्यांना गाडीत बसल्या बसल्या ऐकू आले होते. तेही त्यांनी खाली लिहिले आहे. दशलक्षण पर्व झाले की तो ड्रम पुन्हा उघडायचा आहे.