मानाची जागा

आबांची अँबॅसेडर पुन्हा चालती करायची, असं गेल्या दिवाळीत मी मनावर घेतलं. १९७१चं मॉडेल, मार्क टू. गोठ्यालगतच्या शेडमध्ये ती पंचवीसेक वर्षं उभी होती. टायर जमिनीला टेकलेले, टपावर वैरणीच्या पेंढ्या, आणि मागच्या सीटवर आईच्या कोंबड्यांचं बाळंतपण.

एके काळी त्याच गाडीतून आम्ही जोतिबाला जायचो. पुढची सीट सोफ्यासारखी सलग आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस बसायचे आणि चौथा मी, कुणाच्या तरी मांडीवर. गाडी बंगालातल्या उत्तरपाड्याची, घराणं विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डचं, पण आमच्याकडे ती कोल्हापूरकरच झाली होती. १४८९ सीसीचं इंजिन डोंगर चढता चढता तापायचं. मग आबा गाडी झाडाखाली घेत, खांद्यावरच्या टॉवेलची चौपदरी घडी करून बॉनेटच्या पुढच्या टोकाला ठेवत आणि मला उचलून तिच्यावर बसवत. "हल, आता ऊठ, आता बस," असं काहीबाही चालायचं. ते आत जाऊन डॅशबोर्डखालची मूठ ओढत. खट्ट आवाज झाला की मला उतरवत आणि बॉनेट वर करत.

यात्रेला निघालेली माणसं बघत असायची. आख्ख्या घरात बॉनेटवर बसायचा मान फक्त मला, थोरल्या बहिणीलासुद्धा नाही. शाळेत मी हे किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नाही.

तर आता तेच बॉनेट उघडेना. मूठ ओढली तर मुठीसकट वीतभर तार हातात आली. मी पुढून बोटं घालून पत्रा वर ओढला, पान्ह्याची दांडी घालून उचकटायला गेलो आणि रंगाचा एक टवका उडवला. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एका मिस्त्रींना आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांनी आधी माझ्या हातातला पान्हा काढून घेतला. फटीतून लॉकवर ऑइल आणि रॉकेल सोडलं, म्हणाले, "रातभर मुरू द्या. लोणचं बी एका दिसात मुरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुटक्या तारेचं टोक पकडीत धरलं. मी सवयीनं बॉनेट वर ओढायला लागलो.

"वर नगा वडू सायेब. खाली दाबा. वर वडलं की लॉकचा खटका जास्तच आवळतो. वरनं वजन द्या, मग सुटंल."

मी दोन्ही तळवे टेकून अंगाचा भार टाकला. त्यांनी तार ओढली. खट्ट.

तो आवाज ऐकला आणि मी तसाच वाकून राहिलो. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मान समजत होतो, ते वजन होतं! अडलेल्या लॉकवर ठेवायचं सोळा-सतरा किलोंचं पोर. बहीण त्या कामाला जड पडत असणार, पत्रा बसला असता.

आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, पण इंजिन जाम नव्हतं. मिस्त्रींनी तार पूर्ण बाहेर काढली, बोटांत फिरवून बघितली. "ही कंपनीची न्हवं. मागनं कुणीतरी घातल्याली. सायकलच्या ब्रेकची हाय."

आई ओट्यावर करंज्यांचं सारण ढवळत होती. तिला विचारलं.

"त्यांनीच घातली. तू सांगलीला होस्टेलवर गेलास ना, त्याच आठवड्यात. अडीच रुपयांची तार. इतकी वर्षं का नाही घातली म्हणून मी भांडले, तर म्हणाले, इतकी वर्षं लागलीच नाही. आता घरातलं वजन गेलं."

एवढं सांगून आईनं सारणात वेलची टाकली. मी शेडमध्ये परत आलो. मिस्त्री नवी तार ओवत होते. "जुनी टाकू का?" म्हणाले. मी ती गुंडाळून खिशात घातली.