पेरणारा इतका वेंधळा कसा?

बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला आमच्या नगरकडच्या मुलांना सहजी पटत नाही. हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला की इकडे रब्बीची ज्वारी पेरतात, ती पाभरीने. चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे असे सोडते की ते नळ्यांतून थेट तासात उतरतात. आता ट्रॅक्टरला पेरणीयंत्र लावतात. तेव्हा तर बी वाटेवर पडायचा प्रश्नच नाही. सासरी पेरणी चालू असताना सात वर्षांच्या थोरलीने बांधावर बसून हे सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "मम्मी, बायबलमधल्या त्या पेरणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं का? वाटेवर काय सांडत होता?"

मी शब्बाथशाळेत लहान वर्गाला शिकवते. चित्रातला पेरणारा खांद्याला झोळी अडकवून मुठीने बी फेकताना दिसतो, आणि मुलं चित्राला प्रश्न विचारत नाहीत. शेताला विचारतात. मी तिला सांगितलं, की गालीलात तेव्हा बी हाताने फोकून पेरत, शेतातून पायवाटा जात, थोडं वाटेवर पडायचंच.

"म्हणजे वाया जाणार हे त्याला माहीत होतं?"

"हो."

"तरी टाकलं?"

इथे माझ्या जिभेवर अर्थ आला होता, पण तो मी सांगितला नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायात लोकसमुदायाला नुसती गोष्ट मिळते. उलगडा मिळतो तो मागाहून, एकांतात, ज्यांनी विचारलं त्यांना. हा अध्याय लोक चार जमिनींसाठी वाचतात. शिकवणाऱ्याने तो या क्रमासाठीही वाचावा.

दाखल्यातल्या चारही जमिनी सासरच्या शिवारातच होत्या. बैलगाडीची टणक वाट, बांधापलीकडचा मुरमाड माळ, वेडी बाभूळ माजलेला कोपरा आणि पांढरीच्या खालचं काळं रान. थोरली सगळीकडे जाऊन पायाने माती उकरून आली. मग नवाच पेच. दाखल्यात चांगल्या जमिनीतलं बी शंभरपटीपर्यंत पीक देतं. आजोबा म्हणाले, मालदांडीच्या एका कणसात शेकड्यांनी दाणे भरतात. "मग शंभरपट म्हणजे काय मोठं?" तिचा हिशेब बरोबर होता. पण तो दाखला गहू आणि जवाच्या मुलखातला. तिथे शंभरपट म्हणजे डोळे विस्फारावेत असं पीक. दुष्काळाच्या वर्षी इसहाकाला शंभरपट मिळालं, हे उत्पत्तीत मुद्दाम नोंदवलंय. दुष्काळ म्हटल्यावर आजोबांनी मान हलवली. त्यांनी 1972 पाहिला आहे.

मुलांना घेऊन बाहेर पडताना मी धडा ठरवून निघत नाही. फुलपाखरू दिसलं की पुनरुत्थान, इंद्रधनुष्य दिसलं की नोहा, अशी घाई करणारे पालक मला भेटतात. त्यांची मुलं लवकरच तरबेज होतात: समोरच्या वस्तूकडे न पाहता आईला हवं ते उत्तर देतात. आपल्याकडे नारायण वामन टिळकांना फुलांमुलांचे कवी म्हणतात. नगरात राहून गेलेल्या या माणसाने 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिकही सांभाळलं. त्यांच्या कवितेत फूल आधी फूल असतं, हे आम्ही शिक्षक सोयीस्करपणे विसरतो.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा आधार सगळे घेतात: घरी बसता, वाटेने चालता, मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलत जा. त्याच अध्यायात पुढे मोशे म्हणतो, की मुलगा विचारील, या विधींचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग. म्हणजे विचारणं मुलाकडे आणि सांगणं आपल्याकडे.

दिवाळीनंतर चांदबिबी महालावर गेलो होतो. (नाव चांदबिबीचं, कबर सलाबतखानाची, ती समजूत काढण्यातच अर्धा डोंगर चढून झाला.) उतरल्यावर पायथ्याच्या रानात धनगरांचा वाडा दिसला. मेंढरं वाघरीत कोंडलेली, घोड्यावर बिऱ्हाड. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, त्याबदल्यात धान्य देतात, हे मुलांना तिथेच कळलं. धाकट्याने थेट चौकशी सुरू केली.

"मामा, एक मेंढरू हरवलं तर तुम्ही नव्व्याण्णव सोडून जाता?"

"सोडून कसा जाईन? लांडगा हाय की. ही हाय, पोरगं हाय, कुत्री हायेत. ती राखत्यात, मी जातो."

"मोजता का रोज?"

"मोजायचं काय त्यात? तोंड दिसलं न्हाई की कळतंय."

लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ बाकीची रानात ठेवून जातो. वर्गात ते वाचताना कुणाला काही खटकत नाही. धाकट्याला मामांचं ऐकल्यावर खटकलं, आणि गाडीत बसल्यावर त्याने स्वतःच तोडगा काढला: येशूच्या मेंढपाळालाही बायको असणार, ती राखत असणार. टीकाग्रंथांत हे सापडणार नाही. पण मागे राहून कळप राखणाऱ्या त्या बाईचा विचार मी कधी केला नव्हता, आणि मंडळीत तशा बाया मला भरपूर माहीत आहेत. मी त्याला दुरुस्त केलं नाही. त्या दाखल्यातला मुद्दा, पश्चात्ताप करणाऱ्या एका पापी माणसाविषयी स्वर्गात होणारा आनंद, त्याला अजून कळायचा आहे. नऊ वर्षांचा होईल तेव्हा विचारील.

सगळ्याच सहली अशा फळत नाहीत. रेहेकुरीला काळवीट पाहायला गेलो, पाण्यासाठी तळमळणाऱ्या हरिणीचं बेचाळिसावं स्तोत्र माझ्या डोक्यात तयार होतं, पण काळवीट कशासाठीही तळमळत नव्हतं. शांतपणे गवत खात होतं, पाणवठा जवळच होता. मुलांनी शिंगांचे पीळ मोजले, आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला आणि परतलो. ती सहल मला आवडते.

माझ्या बरोबरच्या शिक्षिका म्हणतात, अशाने अभ्यासक्रम पुरा होत नाही. नाहीच होत. उरलेले धडे आम्ही पावसाळ्यात उरकतो, बाहेर पडता येत नाही तेव्हा.