एक मोबाईल, दोन धनी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परवा आत्याचा फोन आला, "आमच्या बंड्याला इंजिनिअरिंगला घालायचंय, कागदपत्रं काय काय लागतात गं?" म्हणून माझी जुनी फाईल काढली. पाच मिनिटांचं काम, पण तास गेला.

माझी बारावी २०२१ ची. हो, तीच ती "परीक्षा न देता पास झालेली" बॅच! अकरावी संपता संपता लॉकडाऊन लागला आणि बारावी माळशिरसच्या घरात, मोबाईलवर झाली. टायट्रेशन मी फक्त व्हिडिओत पाहिलं. ब्युरेट हातात धरली ती थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. सलग दोन वर्षं माऊलींच्या पादुकासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या, गावात पालखीचा मुक्काम नाही. आजी म्हणायची, "माऊली एसटीनं जात्यात, मग तुझी शाळा मोबाईलवर झाली तर काय बिघडलं?"

बिघडत होतं ते असं, की घरात स्मार्टफोन एकच होता आणि तो पप्पांचा. पप्पांचा पिकअप, डाळिंबाची भाडी. ऐन तासाला व्यापाऱ्याचा फोन यायचा, "गाडी कुठंवर आली?" सर स्क्रीनवर गोठायचे आणि मी पप्पांची सेक्रेटरी व्हायचे.

जूनमध्ये बोर्डाची परीक्षा रद्द झाली. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के असा हिशेब करून ३ ऑगस्टला निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के. पेढे वाटावेत की नाही तेच कळेना. इंजिनिअरिंगची सगळी भिस्त आता सीईटीवर होती. १५० प्रश्न, २०० मार्क, गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन मार्क. चुकलं तर मार्क कापत नाहीत, एवढाच दिलासा.

एकदा मोबाईलवर सराव परीक्षा देत होते. गणिताची नव्वद मिनिटं, बरं चाललं होतं. एकाच व्यापाऱ्याचे लागोपाठ तीन फोन आले, पान उडालं, सगळी उत्तरं गेली. संध्याकाळी पप्पा दारात आले तशी मी म्हणाले, "तुमच्या डाळिंबांपायी माझं वर्ष जाणार!" ते काही बोलले नाहीत. हातपाय धुतले, जेवले, झोपले.

सकाळी उठले तर फोन टेबलावर, चार्ज करून ठेवलेला. पिकअप गेलेली. सीईटी होईपर्यंत रोज तसंच.

माऊस हातात धरायची सवय व्हावी म्हणून शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीच्या घरी कॉम्प्युटरवर सराव केला. सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली. पर्सेंटाईल अगदी भारी नव्हता, पण कॅप राउंडमध्ये पुण्याला नंबर लागला. पप्पांनी गावभर पेढे वाटले. आधीच्या निकालाचे पण त्यातच!

फोन घरी ठेवल्यामुळे त्या दिवसांत चार भाडी हुकली, हे मम्मीने मला वर्षभराने सांगितलं. सहज, भाजी निवडता निवडता.

परवा फाईलमध्ये माझ्या रफ वहीचं एक पान निघालं. पुढून इंटिग्रेशन, मागून पप्पांच्या अक्षरात आठ-नऊ फोन नंबर. घड्या पडून पडून कागद फाटायला आलाय. वाटेत कुणाचा तरी फोन मागून ते त्या नंबरांवर व्यापाऱ्यांशी बोलत असणार.

असो. आत्या, यादी देते. दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, दाखला, डोमिसाईल, आणि लागू असेल तर जात पडताळणी, नॉन क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. तहसीलची कामं आत्ताच करून घ्या, निकालानंतर गर्दी होते.

पप्पा हे वाचायचे नाहीत, पण मम्मी वाचून दाखवेल. पप्पा, त्या दिवशी माझं चुकलं. तो कागद मी माझ्याजवळच ठेवलाय.