उजाडल्यावर जाऊ

२०२५ चा रमजान मार्चमध्ये आला आणि शेवटच्या रोज्यांत मोह गळू लागला. चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं गाव जंगलाला लागून आहे. सहेरीला उठलं की खिडकीतून बॅटऱ्यांचे उजेड रानाकडे जाताना दिसायचे. त्यात आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीही असत. एका पहाटे फुलं वेचताना अस्वलाने त्यांच्यावर झडप घातली. जीव वाचला, पण एक डोळा गेला.

दवाखान्यात मी त्या जनावराला शिव्या दिल्या. मावशी म्हणाल्या, "मॅडम, तिच्या पाठीवर पिल्लू होतं. ती खात होती, मी वेचत होते. दोघींनी एकमेकींना पाहिलंच नाही."

मला माहेरच्या मोहल्ल्यात येणारा दरवेशी आठवला. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली असायची आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. धाकटा भाऊ झोपेत दचकायचा म्हणून अम्मीने अस्वलाचा केस घेऊन त्याच्या तावीजात घातला होता. ते जनावर कशाला घाबरतं, हे कुणी विचारलं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हळूहळू तो खेळ बंद झाला. दोरी सुटली, पण रान आटत गेलं. कुठे खाण, कुठे रस्ता, कुठे शेत.

अस्वलाची नजर अधू. वाळवी, मुंग्या, बोरं, टेंभरं, मोह हे त्याचं अन्न. खाण्यात गुंगलं की माणूस जवळ आलेला कळत नाही, आणि दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. मोहाखालचा पाचोळा आपण पेटवतो, ती आग रानात शिरते आणि त्याचं बाकीचं खाणंही जाळते. मग ते आणि आपण एकाच झाडाखाली, एकाच अंधारात भेटतो.

पालकसभेत मी सांगितलं, अंधारात जाऊ नका, एकटं जाऊ नका, बोलत जा. एक बाई उठून म्हणाली, "हे आम्हाला ठाऊक आहे, मॅडम. पण उशिरा गेलं तर आमच्या झाडाची फुलं दुसराच नेतो."

माझ्या पुस्तकी सल्ल्यात ही गोष्टच नव्हती. भीती अस्वलाची कमी, शेजाऱ्याची जास्त होती. त्या दिवशी बायकांनीच कुणाची झाडं कोणती ते ठरवलं. उजाडल्याशिवाय कुणी जायचं नाही, गेलं तर फुलं गावात वाटायची. पाचोळा पेटवायचा नाही, झाडाखाली जुनी लुगडी अंथरायची.

यंदा मोह ईदनंतर गळला. पहिल्या आठवड्यात दोन पहाटे बॅटरी चमकली. त्या घरची फुलं खरंच वाटली गेली, भांडणही झालं. त्यानंतर अंधारात उजेड दिसला नाही. आता मावशी टोपली घेऊन गावाच्या टोकाला बसतात. बायका येऊन शेजारी टेकतात. नीट फटफटलं की मावशी उठतात आणि मोठ्याने म्हणतात, "चला गं."