पाण्याखालचं जन्मगाव

पासपोर्टच्या अर्जात जन्मगावाचा एक रकाना असतो. तोवर आई भराभर सांगत होती. तिथं आल्यावर थांबली. "पळसदेव," म्हणाली, आणि क्षणभरानं, सरकारला हे कळायलाच हवं अशा स्वरात, "जुनं."

जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात आहे. भीमा अडवली, १९८० साली धरण पुरं झालं, गाव उठून काठावर आलं आणि येताना नाव सोबत घेऊन आलं. पण आईची शाळा, नदीकडे उतरणारी वाट, उंबऱ्यावर सकाळी पसरणारं ऊन, ज्या खोलीत ती पहिल्यांदा रडली ती काळोखी, धुरकट, शेणानं सारवलेली खोली, हे सगळं खालीच राहिलं. पळसनाथाच्या देवळाचं शिखर तेवढं पाण्यावर दिसतं, आणि एखाद्या होरपळलेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं हटतं की अख्खं देऊळ उघडं पडतं. रकान्यात 'जुनं' लिहायला जागा नव्हती. जिल्हा पुणे, राज्य महाराष्ट्र.

एवढंच.

जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी पोरांना मास्तरांनी हाच वाढदिवस वाटून दिला. आईच्या लेखी तिचा जन्म भीमेला पहिलं गढूळ पाणी आलं तेव्हाचा, आजी शेतातून कळा घेऊनच घरी आली त्या संध्याकाळचा. मला हीच तारीख खरी वाटते.

भावाला टोरांटोत मुलगी झाली म्हणून ही सगळी लगबग. पासपोर्ट केंद्रात काचेवर आईची बोटं उमटेनात. उसाच्या पाचटानं, भांड्यांच्या राखेनं, चुलीच्या धगीनं वर्षानुवर्षं घासत आणलेल्या त्या रेषा यंत्राचा उजेड शोधत राहिला, आणि मी ते हात असे पहिल्यांदाच पाहत राहिले. काउंटरवरच्या मुलीनं आपला तळवा आईच्या बोटांवर ठेवला. "आजी, जरा दाबून धरा." तिच्या त्या उबेखाली एकेक बोट उमटत गेलं.

मग पोलीस पडताळणीला आले, चहा घेऊन गेले. आणि एके दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. गडद निळं पुस्तक, वर सोनेरी सिंह. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेलं, हे ऐकून आईला उगाच बरं वाटलं. आतला मजकूर मी तिला मराठीत सांगितला: राष्ट्रपतींच्या नावानं साऱ्यांना विनंती आहे, या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं, लागेल ती मदत करावी. पंचमीला माहेरी जायचं तरी जिला आधी सासूला, मग सासऱ्यांना, मग घरातल्या कामांना विचारावं लागे, तिच्यासाठी देश जगाला विनवत होता. माझा आवाज भरून आला.

शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं होती. आजीचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलं नाही, लग्नपत्रिकेत आलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या हातचं एक अक्षर मागे नव्हतं. इथं ते छापलेलं होतं, ठसठशीत. आईनं चष्मा पुसून ते पुन्हा वाचायला लावलं, मग स्वतः बोट फिरवत इंग्रजी अक्षरं एकेक लावली.

"तिकीट पावसाळ्यानंतरचं काढ," ती म्हणाली. "आधी मेमध्ये पळसदेवला जाऊ. यंदा पाणी खूप खाली जाणार म्हणतात."