घरचा अंतिम सामना: दबंग दिल्लीच्या पाठीराख्यांना अनावृत पत्र

दबंग दिल्लीच्या तमाम पाठीराख्यांना,



तुमची-माझी ओळख नाही. मी नोएडात राहतो, खातो-पितो तुमच्याकडचं आणि कबड्डीत बाजू मात्र पुण्याची घेतो. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात तुमच्या संघानं पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं. तीन गुणांचं दुःख पचवायला वेळ लागतो, तो मी घेतला. आता शांत डोक्यानं लिहितो आहे. पत्र सामन्याबद्दल नाही. आपल्याच शहरातल्या अंतिम सामन्याचं तिकीट मिळवून तुमच्यापैकी जे काही हजार लोक त्या रात्री आत जाऊन बसले, त्यांच्याबद्दल आहे.

आधी अभिनंदन. तुमचा संघ विजेता ठरला याचंच नव्हे, तर तुम्हाला ते डोळ्यांनी पाहायला मिळालं याचंही. दबंग दिल्लीनं पहिलं विजेतेपद मिळवलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, पाटणा पायरेट्सना ३७-३६ असं एका गुणानं नमवून. सामना झाला बंगळुरूत, कोरोनाच्या बंदोबस्तात, एका हॉटेलच्या सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांपुढे. इतका अटीतटीचा अंतिम सामना, आणि तिकीट काढायची सोयच नाही! त्या संघाचा कर्णधार होता जोगिंदर नरवाल. २०२५ ला तोच प्रशिक्षक म्हणून बाकावर होता. म्हणजे त्याचं वर्तुळ पूर्ण झालं आणि तुमचंही.

या शहराच्या नशिबात घरचे अंतिम सामने तसे कमीच. आयपीएल २००८ ला सुरू झाली. पहिल्या १८ मोसमांत तिचा अंतिम सामना जोहान्सबर्गला झाला, दुबईला झाला, दिल्लीत एकदाही नाही. महिलांच्या लीगचा झाला, १७ मार्च २०२४ ला, फिरोजशाह कोटल्यावर (नाव बदललं तरी तुम्ही कोटलाच म्हणता, बरोबर करता). दिल्ली कॅपिटल्स बिनबाद ६४ वरून सर्वबाद ११३ झाल्या आणि आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनानं बंगळुरूसाठी करंडक उचलला. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. तिकीट काढून ते पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल हे मला ३१ ऑक्टोबरनंतर जास्त चांगलं कळतं.

रग्बीची गंमत तर आणखी वेगळी. जून २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीग पहिल्यांदा झाली. सहा संघ, त्यात एक ‘दिल्ली रेड्झ’. हा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. पण लीगचे सगळे सामने मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, ऐन पावसाळ्यात. दिल्लीच्या नावाचा संघ मुंबईच्या चिखलात चेन्नई बुल्सकडून ४१-० असा हरला आणि दिल्लीकरांनी तो पाहिला असलाच तर पडद्यावर. संघाला शहराचं नाव द्यायचं आणि त्या शहरात एकही सामना ठेवायचा नाही, हा प्रकार आपण किती सहज चालवून घेतो!

इथून मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्हाला घरचा अंतिम सामना मिळाला, पण तो तुमच्या संघानं मिळवून दिलेला नव्हता. तो वेळापत्रकानं मिळाला. प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली ही चारच शहरं होती. संघ बारा. म्हणजे आठ संघांना त्या मोसमात घरच नव्हतं. आमची पलटण त्यातलीच. १८ पैकी १३ सामने जिंकून ती गुणतक्त्यात पहिली आली, पण पुण्याच्या बालेवाडीत एकही सामना न खेळता. आदल्या मोसमात याच्या उलट. तेव्हा अंतिम सामना बालेवाडीला होता, २९ डिसेंबर २०२४ ला. यजमान शहर पुणे, आणि मॅटवर हरियाणा स्टीलर्स विरुद्ध पाटणा पायरेट्स. पलटण बाद फेरीतही नव्हती. पुणेकरांनी तिकीट काढून परक्यांची लढत पाहिली आणि पुढच्या वर्षी आपल्या संघाची लढत परक्या गावी झाली. एका वर्षी मांडव आमचा होता, दुसऱ्या वर्षी नवरा आमचा होता. दोन्ही एकत्र काही आले नाहीत.

तुमच्या बाबतीत ते एकत्र आले, योगायोगानं. म्हणून तुमच्यापैकी ज्यांनी तिकीट मिळवलं, त्यांच्याकडे नीट पाहायला हवं. २७ ऑक्टोबरला पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्ली आणि पुणे ३४-३४ असे बरोबरीत सुटले, मग टायब्रेकरमध्ये दिल्लीनं ६-४ अशी बाजी मारली. त्या क्षणी तुम्हाला कळलं की अंतिम सामना आपला आणि आपल्याच गावात. पुढे चार दिवस. त्यागराज स्टेडियम हे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेटबॉलसाठी बांधलेलं. आत जागा सहा हजारांच्याही आत. त्यातल्या खुर्च्या प्रायोजकांच्या, पाहुण्यांच्या, संघमालकांच्या, आणि उरलेल्या ॲपवर, ज्याचं बोट आधी पडेल त्याच्या. ज्यानं दिल्लीतला प्रत्येक साखळी सामना पाहिला आणि ज्यानं कबड्डीचं मॅट कधी पाहिलं नाही, ते दोघेही ॲपला सारखेच. नेट जरा अडलं, पैसे खात्यातून गेले आणि खुर्ची मात्र हातची निसटली, असा अनुभव देशातल्या प्रत्येक खेळाच्या शौकिनाला आहे. मलाही आहे, कुठल्या सामन्याचा ते सोडा.

दिल्लीत त्यावर आणखी एक थर आहे, तो म्हणजे पासचा. सामना कुठलाही असो, इथे तिकीट कितीला हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘पास का जुगाड़ है क्या?’ कुणाच्या मेहुण्याचा साहेब, कुणाच्या सोसायटीतला अधिकारी. पैसे देऊन आत जाणारा तो साधा माणूस आणि फुकट जाणारा तो मोठा, अशी या शहराची उतरंड आहे. त्यागराज स्टेडियमनं तर ती उतरंड वेगळ्याच रूपात पाहिली आहे. एका बड्या अधिकाऱ्याला कुत्रा फिरवता यावा म्हणून संध्याकाळी खेळाडूंना सराव आटोपता घ्यायला लावतात, अशी बातमी मे २०२२ मध्ये आली. देशभर आरडाओरडा झाला आणि अधिकाऱ्याची बदली थेट लडाखला झाली. त्याच स्टेडियममध्ये रांगेत उभं राहून, क्यूआर कोड दाखवून, बाटली आणि पॉवरबँक दारात जमा करून जो आत गेला, त्या प्रेक्षकाचं मला खरंच कौतुक आहे.

आणि दिल्लीकर रांगेत उभा राहात नाही असं कुणी म्हणू नये. ३० जानेवारी २०२५ ला विराट कोहली बारा वर्षांनंतर रणजी सामना खेळायला कोटल्यावर उतरला. प्रवेश फुकट होता. पहाटेपासून लोक लोटले, दारांवर रेटारेटी झाली, काहींना लागलं. दुसऱ्या दिवशी कोहली ६ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टेडियम रिकामं व्हायला लागलं. ती गर्दी एका माणसासाठी होती. तुम्ही त्यागराजला आलात ते संघासाठी, हा फरक मी मानतो. तुमच्यातले पुष्कळ जण मेट्रोनं आयएनएला उतरून चालत आले असतील. कुणी मुंडक्याच्या बाजूचे, कुणी बहादुरगडचे, कुणी कदाचित निजामपूरचे. वायव्य दिल्लीतलं हे गाव आम्हा कबड्डीवाल्यांना पाठ असतं. राकेश कुमार तिथलाच, मनजीत छिल्लरही तिथलाच. आणि हाच मनजीत २०१६ ला आमच्या पुणेरी पलटणचा कर्णधार होता. फजल अत्राचली २०२२ मध्ये पुण्याकडून अंतिम सामना हरला आणि २०२५ ला तुमच्याकडून जिंकला. आमचा प्रशिक्षक अजय ठाकूर २०२२ च्या तुमच्या विजेत्या चमूत होता. तुमच्या चढायांत अजिंक्य पवारसारखा मराठी गडी होता. खेळाडू दर लिलावात घर बदलतात. प्रेक्षक तेवढा एका जागी राहतो, आणि नेमक्या त्याच्याच नावाची कुठे नोंद नसते.

आता आमच्या बाजूचं ऐका. पुण्याला दुसरी संधी होती. २९ ऑक्टोबरला पलटणनं तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवलं तेव्हा कुठे आमचं नक्की झालं. मध्ये उरला एक दिवस. दिवाळी आणि छठ आटोपून माघारी येणाऱ्यांनी गाड्या भरलेल्या. ३० तारखेच्या संध्याकाळी पुण्यात झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलेला माणूस नवी दिल्लीला उतरतो दुसऱ्या दिवशी रात्रीच, म्हणजे सामना त्याच्याविनाच सुरू. विमानाचं भाडं परवडलं त्यानं जावं, आणि जाऊनही खुर्ची मिळेल याची खात्री कुणी देत नव्हतं, कारण पाहुण्या संघाच्या लोकांसाठी जागा राखायची असते ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. महाराष्ट्रात आम्ही कबड्डी पाहात वाढलो ती लालबाग-परळच्या मैदानांत, सांगली-कोल्हापूरच्या पटांगणांत. फळ्यांची गॅलरी, दिव्यांचा झगमगाट, पाहुण्या मंडळाचे लोक टेम्पो भरून यायचे आणि त्यांना बसायला जागा करून दिली जायची, वर शिव्याही दिल्या जायच्या. तिकीट नव्हतं, पण पाहुण्याची सोय होती.

हे सगळं बदलणं अवघड आहे का? रग्बीवाल्यांनी करून दाखवलं आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांच्या सुपर रग्बी स्पर्धेत अंतिम सामन्याचं गाव आधी ठरवून ठेवत नाहीत. अंतिम फेरीतल्या दोघांपैकी ज्याचं मानांकन वरचं, त्याच्या घरी सामना. २०२५ मध्ये साखळीत चीफ्स पहिले आले होते. पण बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ते ब्लूजकडून १९-२० असे हरले. नियमानुसार त्यांना दुसरी संधी मिळाली, पण मानांकन एका पायरीनं खाली आलं. पुढे अंतिम सामना झाला तो दुसऱ्या आलेल्या क्रुसेडर्सच्या घरी, क्राइस्टचर्चला, २१ जूनला. क्रुसेडर्स १६-१२ असे जिंकले. त्यांचं ते मैदानही काही भव्य नव्हतं. २०११ च्या भूकंपात जुनं स्टेडियम गेल्यावर तात्पुरतं म्हणून उभारलेलं. पण तिथे बसलेल्या माणसाला ठाऊक होतं की ही खुर्ची आपल्या संघानं वर्षभर खेळून कमावली आहे.

मी मूळचा पुण्याचा, म्हणून हा नियम आपल्या कबड्डीला लावून पाहिला. उत्साहानं लावला, कारण गुणतक्त्यात आम्ही पहिले होतो. निकाल आला तो असा: साखळीत पुणे पहिलं, दिल्ली दुसरी, बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात पुणे दिल्लीकडून हरलं, दुसऱ्या संधीवर तगलं, मानांकन खाली. म्हणजे रग्बीच्या न्यायानंही अंतिम सामना दिल्लीतच व्हायला हवा होता. हे लिहिताना माझा हात थोडा जड झाला आहे, पण हिशेब म्हणजे हिशेब.

म्हणूनच तुम्हाला लिहितो आहे. तुमच्या संघानं ते घर मॅटवर कमावलं होतं, पण तुम्हाला ते मिळालं भाड्याच्या हॉलसारखं, आयोजकांच्या सोयीनं. चार दिवसांत मॅट, दिवे, कॅमेरे एका शहरातून दुसरीकडे हलवणं जमत नाही, असं लीगवाले म्हणतील. त्यात तथ्य आहे. मग मधलं अंतर आठवड्याचं करा, रग्बीत तसंच असतं. आणि गाव हलवता येत नसेल, तर निदान तिकीटविक्रीचा क्रम हलवा. साखळी सामन्यांची तिकिटं ज्या फोन नंबरांवर निघाली ते नंबर विकणाऱ्या कंपनीकडे असतातच. त्या नंबरांना अंतिम सामन्यासाठी पहिला दिवस द्या. पाहुण्या संघासाठी एक स्टँड ठेवा. गाडी गाठता आली नाही आणि तो भरला नाही, तर आदल्या रात्री खुला करा. पास किती वाटले तो आकडा दारावर लावा. यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही.

ही मागणी आम्ही पुणेकरांनी केली तर ‘हरल्यावर आठवलं’ म्हणून वासलात लागेल. रडीचा डाव म्हणतील. जिंकणाऱ्यानं मागितलं तर ऐकावं लागतं, आणि सध्या जिंकलेले तुम्ही आहात. पुढच्या मोसमाची तिकिटं खुली व्हायच्या आत तुमच्या संघाच्या व्यवस्थापनाला आणि लीगला दोन ओळी लिहा. फार नको. तिकीट काढून आत बसलेल्या शंभर जणांची पत्रं एकाच आठवड्यात गेली तरी कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. खाली सहीला जागा कमी पडली तर आमच्याही सह्या घ्या, नोएडातले सगळे पलटणवाले मी गोळा करून देतो.



आपला,
नोएडातला एक पलटणवाला